डोळ्याच्या नसा माणसाला सापडल्या कशा

आईची डोळ्याच्या पडद्याची (रेटिनाची) अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे फोटो काढायची तपासणी, झाली तेव्हा हातात पिवळं औषध टोचलं आणि बारा-पंधरा सेकंदांत स्क्रीनवर काळ्या पडद्यात पांढऱ्या फांद्या उजळत गेल्या. घरी आल्यावर रात्रीपर्यंत लघवी पिवळीधमक, आई घाबरलीच. तेव्हापासून मी हा विषय वाचतेय.

आधी हे सगळं मेलेल्या माणसाच्या डोळ्यातच बघता यायचं. अ‍ॅमस्टरडॅमचा फ्रेडरिक रुईश नसांमध्ये वितळलेलं मेण भरायचा, गार झालं की बारीक फाटेही दिसायचे. १७५५ मध्ये जर्मनीतल्या योहान झिनने डोळ्याच्या रचनेवर पुस्तकच लिहिलं, डोळ्याच्या नर्व्हभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला आजही त्याचं आणि शरीरशास्त्रज्ञ हॅलरचं नाव आहे.

मला सगळ्यात भावतो तो चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये. १८१९ च्या सुमारास त्याने अंधारात मेणबत्ती डोळ्याच्या बाजूला हलवली आणि त्याला समोर एक झाड दिसलं, ते झाड म्हणजे त्याच्याच पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची सावली! ही सावली आपल्या डोळ्यात कायम पडलेली असते पण ती जागची हलत नाही म्हणून जाणवत नाही, उजेड बाजूने हलवला की सावली सरकते आणि लगेच दिसते.

मग १८५१ ला हेल्महोल्ट्झचा ऑप्थाल्मोस्कोप आला आणि जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावता यायला लागलं. १८५९ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ ग्रेफने पडद्याची मुख्य धमनी अडकलेला पेशंट नोंदवला. १८६५ च्या आसपास थिओडोर लेबरने दाखवलं की पडद्याचे रक्तपुरवठे दोन आहेत आणि जवळजवळ वेगळे, आतल्या थरांना सेंट्रल रेटिनल आर्टरी (हीच ती मुख्य धमनी), बाहेरच्या थरांना मागचा कोरॉइड, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेला थर. म्हणूनच ती एक धमनी बंद पडली की कोरॉइडमध्ये भरपूर रक्त असूनही नजर जाते, कारण पलीकडून मदत पोचत नाही. पुढे पंजाबात जन्मलेल्या सोहन सिंग हयरेह यांनी ऑप्थाल्मिक आर्टरीची, म्हणजे डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीची, वाट माणसागणिक किती बदलते ते शवविच्छेदन करून मांडलं.

आणि ते पिवळं औषध? फ्लुरोसीन. इंडियाना युनिव्हर्सिटीत मेडिकल शिकणारी दोन पोरं, नोव्होटनी आणि अल्व्हिस, यांनी ते टोचून अल्व्हिसच्याच डोळ्याचे फोटो काढले. डोळ्यांच्या जर्नलने पेपर परत पाठवला, शेवटी १९६१ मध्ये तो हृदयरोगाच्या जर्नलमध्ये छापून आला. आईच्या फाईलमधला फोटो त्याच पद्धतीचा आहे, एका कोपऱ्यात पांढरा डाग पसरलेला, तिथे नस गळतेय.