जपानने अन्नातल्या रेडिओॲक्टिव्ह सिझियमची लिमिट 500 वरून 100 केली, मग आधी लोकांनी विष खाल्लं का?

मार्च 2011 मधे फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि पंधरवडा व्हायच्या आत टोकियोच्या नळाला रेडिओॲक्टिव्ह आयोडीन आलं. कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात 22 मार्चला पाणी मोजलं तर किलोमागे 210 बेकरेल, म्हणजे लिटरभर पाण्यात दर सेकंदाला 210 अणू फुटतायत. तेव्हाची लिमिट मोठ्यांना 300, तान्ह्या बाळांना 100. त्यामुळे सांगण्यात आलं की मोठ्यांनी प्या, फक्त बाळाची दुधाची पावडर यात कालवू नका. आता घरात नळ एकच, तर लोक घाबरणारच ना, दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या बघता बघता संपल्या. 24 तारखेला आकडा 79 वर आला आणि सूचना मागे घेतली.

तसं बघितलं तर बाळाने दिवसभरात ते लिटरभर पाणी प्यायलं असतं तरी डोस साधारण 0.04 मिलिसिव्हर्ट (शरीराला किती रेडिएशन लागलं ते मोजायचं माप), आणि जमीन, आकाश, हवा, अन्न यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. पण आयोडीन मुख्यतः जाऊन बसतं थायरॉईडमधे, आणि बाळाची ती ग्रंथी एवढीशी. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर दूषित दूध प्यायलेल्या पोरांना थायरॉईडचे कॅन्सर झाले, म्हणून बाळांच्या बाबतीत कडक राहिलेलंच बरं.

अपघातातून बाहेर पडलेला दुसरा रेडिओॲक्टिव्ह पदार्थ म्हणजे सिझियम, त्याची गोष्ट वेगळी. अपघातानंतर भाज्या, धान्य, मांस, मासे यांना तात्पुरती लिमिट होती किलोला 500 बेकरेल, एप्रिल 2012 पासून ती 100 झाली, आणि लोक म्हणाले म्हणजे वर्षभर आम्हाला विषच खायला घातलं की! तसं नाहीये. हा आकडा उलट्या बाजूने काढतात, आधी ठरवायचं की खाण्यातून वर्षाला किती डोस चालवून घ्यायचा (आधी सिझियमसाठी 5 मिलिसिव्हर्ट होता, मग एकूण 1 केला), मग निम्मं अन्न दूषित आहे असं धरायचं, आणि कुठल्या वयाचा माणूस किती खातो ते बघायचं. सगळ्यात कडक आकडा आला 13 ते 18 वर्षांच्या मुलांचा, 120, कारण ही पोरं खातातच तेवढी! तो खाली ओढून 100 केला. अमेरिका वर्षाला 5 मिलिसिव्हर्ट धरते आणि 30 टक्केच अन्न दूषित मानते, म्हणून तिकडे 1200. म्हणजे 99 चा तांदूळ अमृत आणि 101 चा विष असं काही नसतं, 101 वाला अख्खा किलो खाल्ला तरी 0.0013 मिलिसिव्हर्टच्या आसपास. तुमच्या-आमच्या अंगातल्या नैसर्गिक रेडिओॲक्टिव्ह पोटॅशियममधेच साधारण 4000 बेकरेल आहेत.

पण म्हणून लिमिट कितीही ठेवा असंही नाही, आणि इथे मात्र जपान सरकार चुकलं असं माझं मत. एप्रिल 2011 मधे फुकुशिमाच्या शाळांना वर्षाला 20 मिलिसिव्हर्टच्या हिशोबाने मैदानं वापरायची परवानगी दिली. भारतात रेडिएशनचं काम करणाऱ्यांना, म्हणजे ट्रेनिंग घेतलेल्या, छातीला डोस मोजणारा बॅज लावून फिरणाऱ्या मोठ्या माणसांना पाच वर्षांची सरासरी 20 चीच आहे (एका वर्षात फार तर 30), सामान्य माणसाला 1. तोच 20 चा आकडा पहिलीतल्या पोरांना लावला म्हटल्यावर आईबाप भडकले, सरकारचे सल्लागार असलेले प्रोफेसर कोसाको यांनी पत्रकार परिषदेत रडत राजीनामा दिला. कोरियामा शहराने तर वाट न बघता एप्रिलच्या शेवटीच शाळांच्या मैदानावरची दूषित माती खरवडायला घेतली. शेवटी 27 मे ला शिक्षण मंत्रालयाने शाळेतला डोस 1 पर्यंत आणायचं जाहीर केलं, आणि माती काढायला पैसेही देऊ म्हणाले.