पणजीची गोष्ट आणि बुडालेली दोन जहाजं

१८४५ साली सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन इंग्लंडहून निघाले. उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिक महासागराकडे जाणारी वाट त्यांना शोधायची होती. जहाजं किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली आणि १२९ जणांपैकी एकही परतला नाही.

१८५४ मध्ये शोधक जॉन रे यांनी इनुइट लोकांकडून, म्हणजे तिथल्या ध्रुवीय मुलखातल्या मूळ रहिवाशांकडून, ऐकलेली हकिकत लंडनला कळवली. गोरी माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी आपल्याच साथीदारांचं मांस खाल्लं, असं ते लोक सांगत होते. लंडन खवळलं. चार्ल्स डिकन्सने तर आपल्या साप्ताहिकातून इनुइट लोकांच्या सचोटीवरच चिखलफेक केली. साक्षीदार निरक्षर, म्हणून साक्ष खोटी, असा तो सगळा न्याय होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ हाडांवर सुरीचे वार सापडले. २०२४ मध्ये असेच वार असलेला एक जबडा डीएनएवरून ओळखता आला. तो ‘एरेबस’चे कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स यांचा होता.

या साक्षी आयुष्यभर गोळा करणारा माणूस त्याच बेटावर राहत होता. लुई कामुकाक (१९५९–२०१८), कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातल्या जोआ हेवन गावचे इनुइट. त्यांची पणजी हुम्माहुक त्यांना लहानपणी सांगायची, की ती मुलगी असताना वडिलांबरोबर बेटाच्या उत्तरेला गेली होती. तिथे त्यांना काटे-चमचे आणि बंदुकीच्या गोळ्या सापडल्या, आणि माणसाच्या लांबीचा एक उंचवटा व जवळ अनोळखी खुणांचा दगडही दिसला. पुढे शाळेत फ्रँकलिनचा धडा आला, तेव्हा कामुकाकना दुवा लागला.

त्यानंतर तीसएक वर्षं ते गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून ऐकत राहिले. हकिकती, स्थळनामं आणि वंशावळी अशा तिन्ही गोष्टी ते टिपून घेत आणि गोऱ्या शोधकांच्या रोजनिशांशी ताडून पाहत. यातली वंशावळ मला सर्वात महत्त्वाची वाटते. अमुक माणसाने स्वतः पाहिलं, की त्याच्या सासऱ्याने पाहिलेलं तो सांगतोय, हे कळल्याशिवाय साक्षीचं वजन ठरत नाही. आणि इथे नावांचा गुंता भलताच. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तसं इनुइट लोक बाळाला मृत माणसाचं नाव देतात, त्यामुळे एकच नाव पिढ्यानपिढ्या फिरतं. त्यावर मिशनऱ्यांनी बाप्तिस्म्याची नावं चढवली. मग सरकारने माणसांना चक्क क्रमांकाच्या चकत्या दिल्या आणि १९७०च्या आसपास आडनावं ठरवायला लावली.

मौखिक इतिहासात सनावळी ढिली पडते, हे मान्यच करायला हवं. दोन जहाजांच्या, दोन उन्हाळ्यांच्या घटना एकमेकींत मिसळू शकतात. जागा मात्र सहसा चुकत नाही. शिकारीवर जगणाऱ्यांना कुठला किनारा कुठे, कुठे सील मिळतात, कुठे बर्फ दगा देतं, हे पोरांना अचूक सांगावंच लागतं. घटना त्या जागेच्या नावाला चिकटून राहते.

एक जहाज दक्षिणेकडे जाऊन बुडालं, असं इनुइट लोकांनी अमेरिकी शोधक चार्ल्स फ्रान्सिस हॉल यांना १८६०च्या दशकातच सांगितलं होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेच्या सोनारला (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राला) ‘एरेबस’ त्याच भागात, सुमारे ११ मीटर खोलीवर दिसलं. दोन वर्षांनी ‘टेरर’ही मिळालं. जोआ हेवनच्याच सॅमी कोगविक यांनी त्याआधी काही वर्षं एका उपसागरात बर्फातून वर आलेला लाकडी खांब पाहिला होता. शोधपथकाने त्यांचं ऐकून जहाज तिकडे वळवलं. त्या उपसागराचं नाव आधीपासूनच ‘टेरर बे’ आहे, हा योगायोग कुणा कादंबरीकाराला शोभला नसता.

कामुकाकना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. पण त्यांना जहाजांपेक्षा फ्रँकलिनची कबर शोधायची होती. पणजीने पाहिलेला उंचवटा तोच असावा, असा त्यांचा कयास होता. मार्च २०१८ मध्ये कर्करोगाने ते गेले. कबर अजून सापडलेली नाही. जहाजांच्या जागांवर उन्हाळ्यात पहारा देणारे रखवालदार मात्र आता जोआ हेवनमधूनच नेमले जातात.