अळणी जेवण आणि पर्यायी मिठाचा वाद

मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध फ्रान्समध्ये 1904 सालीच मांडला गेला होता. 1940च्या दशकात अमेरिकेत रुग्णांना भात, फळं आणि साखर एवढ्यावरच ठेवून रक्तदाब खाली आणला जाई. गुण येई, पण असलं जेवण महिनोन्‌महिने गिळणार कोण? मग सोडियमविना खारट लागणाऱ्या मिठाची शोधाशोध झाली आणि लिथियम क्लोराइड बाजारात आलं. हृदयरोग्यांनी ते जेवणावर भुरभुरलं, कित्येकांना विषबाधा झाली, काही दगावले. 1949च्या सुरुवातीला ते विक्रीतून काढावं लागलं. (त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात उन्मादावर लिथियमचा गुण नोंदवला गेला.)

1980च्या दशकातल्या प्रयोगांतून दिसलं की दोन-तीन महिने नेटाने मीठ कमी ठेवलं तर जीभ सरावते. पूर्वीचंच जेवण खारट वाटू लागतं. 2012पासून दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो फारसा कुणी पाळत नाही.

म्हणून पर्यायी मीठ परत आलं, या वेळी पोटॅशियम घेऊन. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2021 साली आले. पाऊण भाग सोडियम आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठामुळे पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं. आकडा दमदार आहे. मात्र मूत्रपिंड नीट चालत नसेल तर जादा पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाला घातक ठरू शकतं. आणि गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना तर चाचणीबाहेर ठेवलं होतं आणि सगळ्यांच्या रक्तातलं पोटॅशियम नियमित तपासलंही नव्हतं. जानेवारी 2025च्या जागतिक शिफारशीतही हीच सावधगिरी दिसते: घरच्या स्वयंपाकाला हे मीठ चालेल, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी ही शिफारस नाही. आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. मूत्रपिंड बिघडल्याचं बऱ्याच जणांना उशिरा कळतं, रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, आणि आमटीत पडलेलं मीठ घरातल्या सगळ्यांच्याच ताटात जातं. त्यामुळे पुडी बदलण्याआधी रक्त तपासावं, हा आग्रह मला रास्त वाटतो.

दरम्यान ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून सैंधव महाग दराने खपतं आहे. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.