चुंबक तापलं तरी कोन का चुकत नाही?

नवतपात, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरच्या बर्डीवरून चार सवारी घेऊन निघालेल्या ई-रिक्षाची मोटर आतून किती तापत असेल? बाहेरच 45 अंश. आत वेटोळ्यांची उष्णता धरून शंभरी गाठणं अवघड नाही. निओडायमियमचं चुंबक दर अंशामागे साधारण 0.1 टक्क्याने कमजोर होतं. म्हणजे जानेवारीतल्या पहाटेच्या मानाने त्याची ताकद दहाएक टक्के घटलेली. (मर्यादेतच तापलं असेल, तर निवल्यावर ती परत येते.) तरीही याच चुंबकाच्या भरवशावर मोटरला आपला रोटर (फिरणारा भाग) कुठे आहे ते बरोबर कळतं.

हे कळणं गरजेचंच असतं. या मोटरीत कार्बन ब्रश नाहीत. रोटरवर चुंबकं, भोवती तीन फेजची स्थिर वेटोळी. करंट कधी कुठे सोडायचा ते रोटरची जागा पाहून कंट्रोलर ठरवतो.

एडविन हॉलने 1879 मध्ये वीज वाहत असलेल्या सोन्याच्या पातळ पत्र्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं, तेव्हा प्रवाहाला आडवं असं बारीक व्होल्टेज निर्माण झालं. क्षेत्र उलटलं की तेही उलटतं. ई-रिक्षाच्या मोटरीत याच तत्त्वावरचे तीन सेन्सर स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) खाचांत चिकटवलेले असतात: चारेक मिलिमीटरचा काळा तुकडा, तीन पाय. दक्षिण ध्रुव समोर आला की सेन्सर चालू होतो, उत्तर येईपर्यंत तसाच राहतो. ध्रुव किती जोरदार, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. चुंबक मंदावलं तर पालटायला किंचित उशीर, एवढंच.

तिघांच्या हो-नाहीच्या आठ जोडण्या होतात, पण धडधाकट मोटरीत सहाच दिसतात. तिघेही 'हो' किंवा तिघेही 'नाही' म्हणाले, की बिघाड समजायचा. आठ ध्रुवांच्या मोटरीत यातून एका फेऱ्याची 24 पावलं मिळतात, प्रत्येकी 15 अंशांची. एक सेन्सर गेला की रिक्षा नुसती गचके देते, गुणगुणते; चालक उतरून थोडी ढकलतो आणि ती चालू लागते, कारण रोटर बऱ्या जागी आलेला असतो. मिस्त्री चाक हाताने हळूहळू फिरवत मल्टिमीटर लावतो. ज्या वायरवरचं व्होल्टेज पालटत नाही, तो सेन्सर मेला.

घरातले बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरीचे) पंखे बहुधा सेन्सरविना चालतात. फिरताना वेटोळ्यांत उठणाऱ्या व्होल्टेजवरून ते अंदाज घेतात. पण थांबलेल्या मोटरीत असं व्होल्टेजच नसतं. पंखा सुरुवातीला जरा उलटा हलला तर कोण बघतंय? चढावर भरलेली रिक्षा मागे गेली तर मात्र पंचाईत.

रोबोटच्या हाताला 15 अंशांची पावलं फारच ढोबळ. तिथे शाफ्टच्या टोकाला गोल चुंबक बसवतात, व्यासाच्या एका बाजूला उत्तर ध्रुव, दुसऱ्या बाजूला दक्षिण. समोरची चिप क्षेत्राचे दोन काटकोनी घटक मोजते आणि त्यांच्या गुणोत्तरावरून कोन काढते. उन्हाने दोन्ही घटक सारखेच घटतात, म्हणून गुणोत्तर हलत नाही. 12 बिटांची चिप फेऱ्याचे 4096 भाग पाडते, म्हणजे 0.09 अंशाहूनही बारीक.

इथे उन्हापेक्षा जास्त त्रास देतं ते केंद्रातून सरकलेलं चुंबक आणि शेजारून गेलेली, मोटरीला करंट पुरवणारी जाड फेज वायर. तिचं स्वतःचं क्षेत्र दोन्ही घटकांत सारख्या प्रमाणात मिसळत नाही, त्यामुळे गुणोत्तरच बिघडतं. ती वायर चिपपासून शक्य तितकी लांबून न्यावी लागते.