विज्ञान कादंबरी (आणि ती ओळखायची कशी)

विज्ञान कादंबरी म्हणजे आज नसलेली पण विज्ञानाच्या वाटेने येऊ शकेल अशी एखादी गोष्ट खरी धरायची आणि मग तिच्यापायी माणसांचं काय काय होतं ते सांगायचं. यान, रोबो, परग्रहावरचे पाहुणे असलेच पाहिजेत असं नाही, आणि ते आहेत म्हणून कादंबरी लगेच विज्ञानाची झाली असंही नाही.

सुरुवात बरेच जण मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून धरतात. ते छापून आलं जानेवारी १८१८ मध्ये, इकडे होळकरांचा इंग्रजांशी मंदसौरचा तह झाला तोच महिना, ज्याच्यानंतर आपलं इंदूर राजधानी झालं. त्यातला राक्षस मंत्रा-तंत्रातून येत नाही, शिकल्यासवरल्या पोराच्या प्रयोगातून येतो, फरक काय तो इथेच आहे.

मराठीत १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीसुद्धा नारायण विनायक जगताप या नावाने, आणि बक्षीस मिळालं. तेव्हापासून या प्रकाराला जरा वजन आलं.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे विज्ञान काढून टाका आणि बघा गोष्ट उभी राहते का. राहिली तर विज्ञान नुसतं वर भुरभुरलेली शेव होतं, पोह्यांना त्याच्याशिवाय काही अडत नाही 😄

आता इंदूरचा सराफा बाजार घ्या, दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री खाऊगल्ली. समजा उद्या कोणी स्वस्तात सोनं बनवायचं मशीन काढलं. तशी ही अगदीच हवेतली बात नाही, १९८० मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथ या धातूचं सोनं करून दाखवलं होतं, फक्त नावापुरतं आणि खर्च सोन्याहून कितीतरी जास्त. तर मग रात्री दुकानांची शटरं पडली, ओट्यापुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) सुरू झाले, आणि आत सराफ तिजोरीतल्या गहाण पाटल्या बघत बसलाय की कर्ज आता कोण फेडणार? आईने सुनेसाठी ठेवलेल्या तोड्यांचं काय? कादंबरी या प्रश्नांमागे गेली तर ती विज्ञान कादंबरी, मशीन कसं चालतं हे दोन ओळींत उरकलं तरी चालेल. तेच सोनं साधूच्या विभूतीने झालं तर हे प्रश्नच उभे राहणार नाहीत आणि प्रकारही बदलेल, कारण विभूती एकाच साधूकडे असते, मशीन मात्र आज ना उद्या दुसराही कोणीतरी बनवतोच आणि भाव तिथेच कोसळतो.

काळाचाही घोळ असतोच. लेझर १९६० साली प्रत्यक्षात आला, आज आपल्या इंदूरच्या कॅटमध्ये (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) त्याच्यावर रोजचं काम चालतं, तेव्हा आत्ता नुसता लेझर दाखवून भागत नाही. पण जुन्या कादंबरीतली कल्पना नंतर खरी झाली म्हणून तिला यादीतून काढायचं का, तर नाही, ती लिहिली तेव्हा काय माहीत होतं ते बघायचं.

पुष्पक विमानावरून वाद घालणारे कायम भेटतात. ते उडतं, पण कसं उडतं हे कथेला विचारायचंच नसतं, म्हणून ते इथे मोडत नाही, आणि त्यात रामायणाचा काही अपमानही नाही. खरी चीड येते ती वाचनालयात, जिथे असली सगळी पुस्तकं बालविभागात ढकललेली असतात, आमच्या इथे एका ठिकाणी तर नारळीकरांची 'प्रेषित' ही कादंबरी चक्क परीकथांच्या शेजारी सापडली.