सत्तर टन नेमके कशाचे?

जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी निघालेलं एक अवाढव्य यंत्र मुक्कामी पोचलं आणि त्याची बातमी देशभर गाजली. महाराष्ट्रातून निघालेला ७४ चाकांचा ट्रेलर, ७० टन वजन, वर्षभराचा प्रवास, दिवसाला ५ किलोमीटर. आता ७० टन हे त्या ऑटोक्लेव्हचं (दाबाखाली तापवणारी बंद भट्टी), म्हणजे लादलेल्या यंत्राचं वजन; ट्रेलर आणि त्याला ओढणारी गाडी त्यात नाही. यंत्र निघालं कुठून, तर कुठे नाशिक छापलं, कुठे अंबरनाथ. आणि ५ किलोमीटर हा निव्वळ भागाकार. लॉकडाऊनमध्ये गाडी जागेवर उभी होती, तेही दिवस त्यात आले.

खरं तर रस्त्याला ७० टनांशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला कळतो तो एकेका अ‍ॅक्सलचा, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसाचा, भार. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले गेले. त्या आकड्यांवरून ढोबळ नियम निघाला की अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. त्या यंत्राचे ७० टन ७४ चाकांवर वाटले, तर चाकामागे एक टनसुद्धा येत नाही.

आपल्याकडचा कायदाही अ‍ॅक्सल धरूनच चालतो. १९९६ च्या अधिसूचनेनुसार सहा टायर गाडीला पुढच्या अ‍ॅक्सलवर ६ टन, मागच्या चार टायरवर १०.२ टन, मिळून १६.२ टन. यातून गाडीचं रिकामं वजन गेलं की उरतो माल. म्हणून गाडीवाले 'नऊ टन पासिंग' म्हणत, ते मालाचं. बातमीत 'सोळा टनी ट्रक' आला, तर तो मालासकट. दोन्ही खरं, पण वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

जुलै २०१८ मध्ये मर्यादा वाढली, तेव्हा हाच घोळ मोठ्या प्रमाणावर झाला. मागचा अ‍ॅक्सल ११.५ टन, पुढचा ७, एकूण १८.५. वाढ सुमारे १४ टक्के. बातम्यांत मात्र २० ते २५ टक्के. तेही चूक नव्हतं. रिकामी गाडी साडेसहा टनांची धरली, तर माल ९.७ वरून १२ टनांवर जातो, म्हणजे २४ टक्के. फक्त कशाची वाढ, एवढंच मथळ्यातून गळलं.

त्याआधी काही राज्यं शुल्क घेऊन जादा माल बिनदिक्कत जाऊ देत होती. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये झाला. आधी हे आकडे २,००० आणि १,००० होते.

वाळूच्या कारवाईच्या बातमीत तर टनही नसतात, ब्रास असतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी वाळू असेल तर सुमारे साडेचार टन, नदीतून नुकती काढलेली असेल तर आणखी जड. सहा टायर गाडीत तीन ब्रास म्हटलं, की साडेतेरा टन तरी झालेच. बातमीत वाळूची किंमत येते, गाडीची किंमत येते. मागच्या अ‍ॅक्सलवर किती भार होता ते काट्याच्या पावतीवरही बहुधा नसतं, कारण साधा वजनकाटा अख्खी गाडी एकदम तोलतो.