फाइल सर्व्हर अपग्रेड

सामायिक फाइली ज्या यंत्रावर असतात त्याच्या डिस्क, हार्डवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना आधीचा डेटा, परवानग्या आणि मार्ग जसेच्या तसे राखण्याच्या कामाला फाइल सर्व्हर अपग्रेड म्हणतात. कारणे ठरलेली असतात: जागा संपली, डिस्क कुरकुरू लागली किंवा सिस्टिमचे अपडेट बंद झाले. विंडोज सर्व्हर २०१२ चा विस्तारित (एक्स्टेंडेड) सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, तेव्हा अनेकांना हे काम काढावेच लागले.

रेड, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्कचा केलेला संच, हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेडमधल्या सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी स्वतंत्र बॅकअप घेतात आणि त्यातल्या वीसेक फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहतात. डिस्कचा स्मार्ट अहवालही, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, आधीच काढावा. त्यातल्या ५ आणि १९७ क्रमांकांचे (खराब व संशयित जागांचे) आकडे शून्याच्या वर सरकत असतील, तर ती डिस्क रिबिल्डचा (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा रचण्याचा) ताण सोसेल असे धरू नये. रिबिल्डमध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि त्या बहुधा एकाच वयाच्या असतात.

जागच्या जागी डिस्क बदलणे झेडएफएस या फाइल सिस्टिमवर सोपे जाते. आधी स्क्रब (सगळ्या डेटाची तपासणी) चालवायचा, मग एकेक डिस्क बदलून रिसिल्व्हर (झेडएफएसमधला रिबिल्ड) पूर्ण होऊ द्यायचा. एखादा पोर्ट रिकामा असेल तर नवी डिस्क तिथे लावून जुनी न काढताच बदल करावा, म्हणजे मधल्या काळात संरक्षण कमी होत नाही. रेड-झेडमध्ये (झेडएफएसच्या रेडमध्ये) ४ टीबीच्या चार डिस्कच्या जागी ८ टीबीच्या घातल्या, तरी चौथी बदलेपर्यंत जागा वाढलेली दिसत नाही. त्यानंतरही ‘ऑटोएक्स्पांड’ (जागा आपोआप वाढवणारी सेटिंग) चालू असावे लागते. पूलची (झेडएफएसमधल्या डिस्कसंचाची) आवृत्ती मात्र घाईने चढवू नये. नवी वैशिष्ट्ये सुरू झाली की जुन्या सिस्टिमवर तो पूल उघडेलच असे नाही. लिनक्सच्या एमडी-रेड या अंगभूत रेडच्या डिस्क नव्या यंत्रात नेल्यावर ‘असेम्बल’ (आहे तोच संच जोडणे) करायचे असते. तिथे ‘क्रिएट’ची (नवा संच बनवण्याची) आज्ञा दिली गेली, की चुकीच्या क्रमामुळे धडधाकट डेटाही हातचा जाऊ शकतो.

पैशांची सोय असेल तर शेजारी नवा सर्व्हर उभा करून कॉपी करणे केव्हाही बरे, कारण जुना सर्व्हर अस्पर्श राहतो. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे ४ टीबीला सुमारे १० तास. लाखो बारीक फाइली असतील तर बराच जास्त वेळ. पहिली फेरी लोक काम करत असताना होते. शेवटची फेरी सगळ्यांना बाहेर काढून आणि टॅलीसारखे प्रोग्रॅम बंद करून करतात, कारण उघड्या डेटाफाइलची प्रत अर्धवट निघू शकते. लिनक्सवरच्या आरसिंक या कॉपी-प्रोग्रॅमच्या नुसत्या आर्काइव्ह पर्यायात हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावे), एसीएल (परवानग्यांची तपशीलवार यादी) आणि विस्तारित गुणधर्म (फाइलला जोडलेली जादा माहिती) येत नाहीत, ते वेगळे मागावे लागतात. विंडोजची कॉपी-आज्ञा रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी मुळात दहा लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करते. तो आकडा एकावर आणला नाही, तर एका कुलूपबंद फाइलपायी रात्र वाया जाते.

सेंटओएस या लिनक्सच्या ६ व्या आवृत्तीत वापरकर्ता क्रमांक ५०० पासून, तर ७ मध्ये १००० पासून सुरू होत. त्यामुळे कॉपीनंतर मालकाच्या जागी ५०३ असा नुसता आकडा दिसतो, किंवा लेखा विभागाच्या फाइली भलत्याच्याच नावावर चढतात. आधी दोन्हीकडची क्रमांकयादी जुळवून घ्यावी.

विंडोजवरून लिनक्सवर येताना मराठी नावे अडतात, हे पुष्कळांना ऐनवेळी कळते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर नाव २५५ चिन्हांचे चालते. लिनक्सच्या ईएक्सटी४ आणि सर्वसाधारण झेडएफएसवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. पडद्यावर ‘क्षेत्र’ ही दोनच अक्षरे, पण हलन्त आणि मात्रा धरून चिन्हे सात, बाइट २१. म्हणजे हद्द ८५ चिन्हांवर येते. ‘…बाबतचा प्रस्ताव व त्यावरील अभिप्राय, सुधारित’ छापाची नावे ती सहज ओलांडतात, आणि त्या फाइली नव्या सर्व्हरवर पोहोचत नाहीत. अशी नावे आधी शोधून आखूड करावीत.

लिनक्सवरून विंडोजला फाइली पुरवणाऱ्या सांबा या प्रोग्रॅममध्ये ४.११ आवृत्तीपासून (२०१९) एसएमबी१, म्हणजे फाइल-देवाणघेवाणीची जुनी पद्धत, मुळातच बंद असते. त्यामुळे जुन्या झेरॉक्स यंत्रांवरून फोल्डरमध्ये होणारे स्कॅन अचानक थांबते. त्यासाठी संपूर्ण सर्व्हरवर एसएमबी१ उघडणे चुकीचे. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला. यंत्राचे फर्मवेअर बदलावे, नाहीतर स्कॅन ईमेलवर वळवावे.

नव्या सर्व्हरला जुन्याचेच नाव आणि आयपी पत्ता दिला, की शॉर्टकट आणि एक्सेलमधले दुवे तुटत नाहीत. मात्र त्याआधी जुन्याची नेटवर्क केबल काढलेली असावी. त्याच्या डिस्कवर खणाचा क्रमांक चिकटवून त्या निदान पुढचा मार्चअखेर उलटेपर्यंत ठेवतात, कारण वर्षातून एकदाच उघडणारी फाइल तेव्हाच आठवते. त्या पुसून भंगारात देणे त्यानंतर.